विस्मृत बागांतील अनोळखी कंद

मंदिराचा जीर्णोद्धार निघाला की पाया उकरणाऱ्या मजुराचा हात आपोआप सावध होतो. कुदळीखाली दगडाचा वेगळा आवाज आला तर काम थांबते, जाणत्यांना बोलावणे जाते आणि माती हाताने बाजूला सारली जाते. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीचे श्री केसरिया पार्श्वनाथ तीर्थ विसाव्या शतकाच्या आरंभी रानातील भग्नावशेषांतून पुन्हा उभे राहिले. भूगर्भातून प्रकट झालेल्या जिनबिंबांच्या अशा कथा विदर्भातील जैन घराघरांत सांगितल्या जातात. जमिनीखाली काहीतरी जपून ठेवलेले असू शकते, ही जाणीव या समाजात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे.

बागेच्या जीर्णोद्धारात मात्र ही सावधगिरी क्वचितच दिसते. माजलेली टणटणी आणि गाजरगवत तोडले जाते, मग कुदळ-फावडे येते, अलीकडे तर थेट जेसीबी. मातीसोबत कांद्यासारखे, आल्यासारखे, लसणीच्या गड्ड्यासारखे काहीबाही वर येते आणि काडीकचऱ्याबरोबर ढिगावर जाते. ते कोणी लावले, केव्हा लावले, ते कोठून आले, याची चौकशी होत नाही. वास्तविक पडक्या बागेत भिंत ढासळते, विहीर बुजते, कलमी आंबा वठतो. त्यांच्यानंतरही मागे राहतो तो हा मातीखालचा कंद. जैन श्रावकाच्या दृष्टीने तर तो दुहेरी महत्त्वाचा आहे. एकीकडे तो इतिहासाचा साक्षीदार, दुसरीकडे शास्त्राने अनंत जीवांचा पिंड म्हणून सांगितलेली वस्तू. अशा वस्तूवर कुदळ चालवण्यापूर्वी दोन्ही अंगांनी विचार व्हावा, असे हे प्रकरण आहे.

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला हे गाव जमीन उकरण्यासाठीच जगाला माहीत झाले. नावात चिखल असला तरी कीर्ती मँगनीजची. मध्य प्रांतात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मँगनीजचे खाणकाम सुरू झाले. त्यासाठी १८९६ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटचे पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनीत रूपांतर झाले. भूवैज्ञानिक लुईस फर्मर यांनी १९०९ मध्ये भारतातील मँगनीज साठ्यांवर जो विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या पट्ट्याला मोठे स्थान आहे. १९६२ मध्ये भारत सरकारने कंपनीची मालमत्ता ताब्यात घेऊन मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड, म्हणजे आजची मॉइल, स्थापन केली. उरलेला ४९ टक्के हिस्सा १९७७ मध्ये सरकारकडे आला. चिखला, डोंगरी बुजुर्ग, सीतासावंगी, गोबरवाही ही नावे या व्यवहारातून नकाशावर ठळक झाली.

खाणीबरोबर साहेब आले. साहेबाबरोबर बंगला, बंगल्याला आवार, आवाराला बाग आणि बागेला माळी. तुमसरच्या बाजारपेठेत व्यापाराच्या निमित्ताने स्थिरावलेल्या जैन कुटुंबांच्या वाड्यांमागेही विहीर, चार फुलझाडे, लिंबू-पेरू अशी परसबाग असे. देवपूजेत फुले वाहण्याची परंपरा असलेल्या घरी तिचा उपयोग पूजेसाठीही होई. तेरापंथी दिगंबर आम्नायात फुलांच्या जागी केशराने रंगवलेल्या अक्षता वाहतात, त्यामुळे त्या घरच्या बागेचे काम सावली आणि शोभा एवढ्यापुरतेच उरे. बदल्या झाल्या, वाटण्या झाल्या, विहिरी आटल्या आणि खाणपट्ट्यातील अशा कित्येक बागा रान होऊन गेल्या. त्या पुन्हा साफ करताना जे कंद सापडतात, त्यांचे गोत्र शोधणे हे या परिसराच्या इतिहासाचे एक उपेक्षित पान उलगडणे आहे.

प्रथम कंद टिकतो कसा, हे पाहावे. कांद्याच्या जातीचा कंद म्हणजे वस्तुतः अन्नाने फुगलेल्या पानांच्या बुडख्यांची एकावर एक घातलेली घडी. मधोमध पुढच्या वर्षीचे फूल सूक्ष्म रूपात तयार असते. वरची पाने वाळली तरी आतला व्यवहार चालू राहतो. वैशाखातल्या भंडाऱ्याच्या उन्हात जमीन तापून भेगाळली तरी वीतभर खोल बसलेल्या कंदाला त्याची झळ फारशी पोहोचत नाही. अनेक कंदांची काही मुळे आकसणारी असतात. ती मातीत घट्ट रुतून आखडतात आणि कंदाला दरवर्षी किंचित खाली ओढतात. म्हणूनच माळ्याने चार बोटे खोल लावलेला गड्डा पन्नास वर्षांनी हातभर खाली सापडू शकतो. खोल सापडला म्हणून तो फार प्राचीन, असा निष्कर्ष काढू नये. त्यापेक्षा त्याचे कुटुंब मोजावे. मूळ कंदाच्या कुशीला दरसाल पिले फुटतात आणि एका गड्ड्याची दाट वसाहत होते. ती जितकी मोठी, तितकी साधारणतः जुनी.

दुसरी खूण रेषेची. रानातले कंद विखुरलेले उगवतात. माणसाने लावलेले ओळीने उगवतात. माजलेल्या झुडपांत पहिल्या पावसानंतर गुलाबी फुलांची एक सरळ किंवा वळणदार रांग दिसली, तर तिथे एके काळी पाऊलवाट होती किंवा वाफ्याची कड होती असे निश्चित समजावे. विटा केव्हाच कोणी उचलून नेल्या असतील, पण त्यांच्या कडेची रेघ कंदांनी सोडलेली नसते. बागेचा हरवलेला नकाशा असा जमिनीतूनच वाचता येतो. तो वाचण्याआधी जमीन उलथली, की रेषा मोडली आणि नकाशा गेला. कंद नंतर गोळा करून पुन्हा लावले, तरी ती परत येत नाही.

आता हे कंद आले कोठून? इंग्रज माणसाच्या मनातला वसंत म्हणजे डॅफोडिल, ट्यूलिप आणि हायासिंथ. परंतु या कंदांना फुलण्यापूर्वी कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते. नागपूर-भंडाऱ्याच्या हिवाळ्याला ते जमत नाही. पाने येतात, फूल येत नाही आणि दुसऱ्या वर्षी कंदच कुजतो. घरच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या बंगल्यांनी मग दुसऱ्या उष्ण मुलखांतील फुले जवळ केली. अमेरिका आणि आफ्रिका खंडांतील नरसाळ्याच्या किंवा चेंडूच्या आकाराची फुले भारतीय बागांत आली आणि त्या सर्वांना सरसकट ‘लिली’ हे नाव मिळाले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने यांपैकी बहुतेकांचा खऱ्या लिलीशी जवळचा संबंध नाही, पण माळ्याने शब्द उचलला आणि तो मराठीत कायमचा रुजला.

यांपैकी सर्वांत चिवट म्हणजे हिप्पेअ‍ॅस्ट्रम, ज्याला बागवान अजूनही ‘अ‍ॅमरिलिस’ म्हणतात. ते मूळचे दक्षिण अमेरिकेचे. त्याचा पहिला ज्ञात संकर १७९९ च्या सुमारास इंग्लंडमधील प्रेस्कॉट गावी आर्थर जॉन्सन नावाच्या एका घड्याळजीने केला. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या छंदातून निघालेल्या या फुलाचे वंशज पुढे जगभरच्या बागांत गेले. चैत्र-वैशाखात बाकी बाग करपलेली असताना जाड पोकळ दांड्यावर लाल किंवा शेंदरी कर्ण्यांची जोडी उभी दिसली, की हेच ओळखावे. मे महिन्यात पानांआधी लाल केसरांचा गोल चेंडू वर येतो तो ‘फुटबॉल लिली’चा, ती आफ्रिकेची. पहिल्या वळवानंतर चार-पाच दिवसांत पांढरी, गुलाबी वा पिवळी नाजूक फुले उमलवणारी पावसाळी लिली पुन्हा अमेरिकेची. आणि जो निशिगंध मराठी माणूस आपलाच समजतो, मुंडावळ्यांपासून समाधीवरच्या हारापर्यंत सर्वत्र वापरतो, तो मेक्सिकोचा. स्पॅनिश लोकांनी तो अमेरिकेबाहेर नेला. रानटी अवस्थेतला निशिगंध आज कोठे आढळत नाही. माणसाच्या हातानेच तो शतकानुशतके टिकला आहे.

या प्रवासात संस्थांचा वाटा मोठा होता. कलकत्त्यात १८२० मध्ये विल्यम केरी या मिशनऱ्याच्या पुढाकाराने कृषी व उद्यान संस्था स्थापन झाली. हा केरी मराठीलाही परका नाही. १८०५ मध्ये त्याने मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० मध्ये कोश. या कामी त्याला वैजनाथ या पंडितांचे साहाय्य होते. भंडाऱ्याच्या रानात सर्रास आढळणाऱ्या कुंभीच्या झाडाचे शास्त्रीय नाव ‘करेया’ त्याच्यावरूनच पडले आहे. इंग्लंडमधील विल्यम हर्बर्ट हा दुसरा धर्मगुरू. कंदफुलांच्या याच कुळावर त्याचा ग्रंथ १८३७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि एका क्रायनमला त्याने केरीचे नाव दिले. पुढे १८६० च्या दशकात फर्मिंजर या तिसऱ्या पाद्र्याने हिंदुस्थानातील बागकामावर पुस्तक लिहिले, जे अनेक बंगल्यांतून वापरले गेले. कंदांच्या इतिहासात धर्मगुरू इतक्या वेळा का भेटतात, हा प्रश्न गमतीचा आहे; कदाचित एका जागी राहून ऋतू मोजण्याची सवड त्यांनाच असावी. पुण्यात १८८४ मध्ये पारशी पोचा कुटुंबाची बियाण्यांची पेढी सुरू झाली. रेल्वे आणि टपाल यांमुळे दूरच्या जिल्ह्यांतील बागांनाही लागवडीचा माल मागवणे सोपे झाले.

याचा अर्थ सापडलेला प्रत्येक कंद परदेशी असतो असे मुळीच नाही. बाग रान झाली की रानही बागेत येते. काळी मुसळी, सफेद मुसळी, रानकांदा, कळलावी, रानहळद, रानटी सुरण हे सर्व मध्य भारतातील पानझडी अरण्यांचे मूळ रहिवासी. नागदवणा हा तर लिलीसारखाच दिसणारा पण अस्सल देशी. क्रायनम या त्याच्या वंशाच्या अनेक जाती भारतात आहेत. रानकांदा उन्हाळ्यात पानांविना नुसताच दांडा वर काढतो, तेव्हा त्याला काडी समजून तुडवले जाते. कळलावी श्रावणात वेलीवर पिवळ्या-लाल ज्वाळा पेटवते. या वनस्पतींची ओळख वनस्पतिशास्त्राच्या पदवीधरापेक्षा गोबरवाहीच्या बाजारात रानभाजी विकणाऱ्या एखाद्या गोंड आजीला अधिक असण्याचा संभव आहे, आणि जीर्णोद्धार करणाऱ्यांनी तिला विचारण्यात कमीपणा मानू नये.

अज्ञात कंदाने मोठमोठ्यांना कसे फसवले, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. पुण्याजवळ दापोडी येथे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८ मध्ये, मुंबई सरकारची वनस्पती-बाग सुरू झाली. अलेक्झांडर गिब्सन यांनी ती वाढवली. तेच पुढे १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्यांनी १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून तेथील देशी-परदेशी वनस्पतींची सुंदर चित्रे काढून घेतली. १८६५ मध्ये बाग बंद पडली. चित्रे एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात होती. तेथील हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा दापोडीच्या बागेत काय काय होते ते जगाला कळले. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय वंशाचा होता एवढेच ठाऊक आहे. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. दापोडीला बाग गेली पण कागद राहिला. खाणपट्ट्यातील लहानसहान बागांचे कागद कोणी केलेच नाहीत. तिथे कागदाचे काम कंदालाच करावे लागते.

क्रायनमचीच आणखी एक कथा. पुण्याच्या गणेशखिंड बागेचे अधीक्षक जी. मार्शल वुड्रो यांच्या नावाने ओळखली जाणारी क्रायनमची एक जात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदली गेली आणि नंतर जणू नाहीशी झाली. शंभरएक वर्षांनी, एकविसाव्या शतकाच्या आरंभी, महाबळेश्वर परिसरात ती पुन्हा आढळली. इतकी वर्षे ती तिथेच होती. फुलण्याचे दिवस थोडे, पाने सामान्य, बाकीचा काळ सर्व काही मातीखाली. मग पाहणाऱ्याने योग्य पंधरवड्यात तिथे असणे एवढाच काय तो प्रश्न. कंदाचे ‘नसणे’ हे बहुधा आपल्या वेळापत्रकाचे अपयश असते.

आता शास्त्राकडे वळावे. कंदमूळ खाऊ नये एवढेच बहुतेकांना लहानपणी कळते. त्यामागे वनस्पतींचे किती बारीक निरीक्षण आहे, याकडे लक्ष जात नाही. दहाव्या शतकातील आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती हे श्रवणबेळगोळची बाहुबलीमूर्ती उभारणाऱ्या चामुंडरायांचे गुरू. त्याच मूर्तीच्या पायथ्याशी मराठीतील अत्यंत जुन्या शिलालेखांपैकी एक आहे, हे महाराष्ट्रातील जैनांना अभिमानाने सांगितले जाते. नेमिचंद्रांच्या गोम्मटसार जीवकांडात वनस्पतींचे वर्गीकरण त्या कशापासून उगवतात यावरून केले आहे. आले-हळदीसारख्या मुळापासून होणाऱ्या, शेंड्यापासून होणाऱ्या, उसासारख्या पेरापासून होणाऱ्या, सुरणासारख्या कंदापासून होणाऱ्या, पळसासारख्या खोडापासून होणाऱ्या, गहू-साळीसारख्या बीजापासून होणाऱ्या आणि अशा कोणत्याही बीजाशिवाय आपोआप उत्पन्न होणाऱ्या. फूल किंवा पान न पाहता वाढीची रीत पाहणारे हे वर्गीकरण कोणत्याही माळ्याला आजही उपयोगी पडेल.

त्याच ग्रंथात साधारण वनस्पती ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत. जिच्या शिरा, सांधे आणि पेरे दिसत नाहीत, जी मोडली असता सरळ समान तुटते, जिच्यात तंतू निघत नाहीत आणि जी छेदली तरी पुन्हा उगवते, ती साधारण. याच्या उलट ती प्रत्येक. साधारण म्हणजे अनंत जीवांचे एकच शरीर, त्यांचा आहार एक आणि श्वासोच्छ्वासही एक. यांपैकी शेवटची खूण, छेदले तरी पुन्हा उगवणे, बागेतल्या कंदाला तंतोतंत लागू पडते. नांगराने चार तुकडे केलेल्या काही कंदांची चार रोपे होतात, हे शेतकऱ्याला ठाऊकच असते.

श्वेतांबर परंपरेतील उत्तराध्ययन सूत्राच्या छत्तिसाव्या अध्ययनात अशा वनस्पतींची यादी येते. आलू, मुळा, आले, कांदा, लसूण, सुरण, हळद तिच्यात आहेत. येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. त्या यादीतला ‘आलू’ म्हणजे आजचा बटाटा नव्हे. तो कोणी देशी कंद असावा. बटाटा अमेरिकेतून आला, पोर्तुगीजांबरोबर, आणि नावही तिकडचेच घेऊन आला. आगमांत त्याचे नाव असणे शक्यच नव्हते. तरीही जैन समाजाने त्याला निःशंकपणे जमीकंदात बसवले, कारण शास्त्राने केवळ नावे न देता कसोटी दिली होती. समुद्रापलीकडून आलेल्या अनोळखी वस्तूची परीक्षा जुन्या कसोटीवर करण्याचे हे उदाहरण मोठे बोलके आहे. बंगल्यातल्या अमेरिकन लिलीलाही हाच न्याय लागतो. ती कोणत्याही सूत्रात नाही. पण ती कंदच आहे.

ती खाण्याचा प्रश्न अर्थातच नाही, आणि नसलेलाच बरा, कारण या कुळातील बहुतेक कंद विषारी आहेत. कळलावीचा कंद तर प्राणघातक. प्रश्न उकरण्याचा आहे. गृहस्थाला स्थावर जीवांची हिंसा पूर्णतः टाळता येत नाही, हे शास्त्रालाही मान्य आहे. म्हणूनच आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचा विचार मांडला. प्रमादचर्या या प्रकारात त्यांनी निष्कारण जमीन खणणे, निष्कारण पाणी सांडणे, निष्कारण वनस्पती तोडणे यांचा समावेश केला आहे. याच ग्रंथात मुळा आणि ओले आले वर्ज्य सांगताना जे कारण दिले, तेही ध्यानात घ्यावे: फळ थोडे, घात मोठा. बाग साफ करताना उगाच सबंध आवार फूटभर खोल उलथणे याहून ‘थोडे फळ, मोठा घात’ याचे चपखल उदाहरण कोणते द्यावे?

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. ज्या गावाचे पोटच जमीन फोडण्यावर चालते, तिथे चार कंदांची काळजी हा देखावा नव्हे काय? श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत स्फोटकर्म, म्हणजे भूमी फोडून केलेली उपजीविका, गणले आहे. आचार्य हेमचंद्रांच्या योगशास्त्रात त्याचे विवरण आहे. खाणीतला मजूर ते हौसेने करत नाही आणि देशाच्या पोलादाला मँगनीजवाचून गती नाही, हेही तितकेच खरे. परंतु खाण आणि बाग यांत फरक आहे. खाणीत उकरण्याला प्रयोजन आहे. ते योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकेल, पण ते आहे. बागेत मात्र बहुतेक उकरणे केवळ घाईपोटी होते. जिथे प्रयोजनच नाही तिथे संयमाला किंमत पडत नाही, आणि म्हणून तिथे तो न पाळण्याला सबबही राहत नाही.

या ठिकाणी इतिहासाची गरज आणि शास्त्राची आज्ञा एकाच वाटेने जातात, ही गोष्ट विलक्षण आहे. अनोळखी कंद ओळखायचा तर त्याला उकरून उपयोग नाही. निजलेले गड्डे एकमेकांसारखे दिसतात. पान आणि फूल आल्याशिवाय जाणकारालाही नाव सांगता येत नाही. म्हणून एक संपूर्ण वर्ष जमीन न खणता थांबावे, हीच ओळखण्याची खात्रीची रीत. झुडपे मुळासकट न उपटता जमिनीलगत कापावीत, जे उगवेल तिथे खुंटी ठोकावी आणि महिना लिहून ठेवावा.

या वर्षाचा मध्य चातुर्मासात येतो. आषाढ शुद्ध चतुर्दशीला साधु-साध्वी एका ठिकाणी स्थिर होतात. पावसाळ्यात असंख्य जीव उत्पन्न होतात, बीजांना अंकुर फुटतात, पाऊल टाकायला निर्जीव जागा उरत नाही, हे त्याचे कारण आचारांगात स्पष्ट दिले आहे. मातीखालचे कंद जागे होण्याचा हाच काळ. वैशाखातल्या लाल लिली आणि ज्येष्ठातली पावसाळी लिली होऊन गेलेल्या असतात. आषाढात नागदवण्याचे पांढरे झुबके आणि काळ्या मुसळीच्या जमिनीलगतच्या पिवळ्या चांदण्या येतात, श्रावणात कळलावी, भाद्रपदात रानहळदीचे गुलाबी तुरे आणि संध्याकाळी निशिगंधाचा वास. जुन्या बागेत जे काही आहे, ते या चार महिन्यांत बहुतेक सारे आपण होऊन वर येते. विहार थांबलेला असताना बागेतली कुदळही थांबली, तर कोणाचेच काही अडत नाही.

कार्तिकात पाने पिवळी पडू लागतात. तेव्हा नोंदी हातात असतात आणि निर्णय घेता येतो. सरळ रेषेत फुटलेली रांग तशीच राखून तिच्या बाजूने पाऊलवाट पुन्हा आखावी. पाण्याची टाकी, पाया, भिंत अशा खऱ्या गरजेच्या आड येणारा गड्डाच तेवढा हलवावा, तोही पाने पूर्ण वाळल्यावर, आसपासच्या मातीच्या ढेकळासह, न कापता. विषारी कंद मुले खेळतात त्या जागेपासून दूर न्यावेत आणि हाताळताना हातमोजे वापरावेत. रस लागून कित्येकांच्या त्वचेला आग होते. ज्याचे नाव वर्षभरातही कळले नाही, त्याच्या खुंटीवर केवळ ठिकाण आणि तारीख लिहून ती खुंटी तशीच ठेवावी. काही कंद रोपातून फुलायला पाच-सहा वर्षे घेतात, आणि झुडपांच्या दाट सावलीत उपाशी राहिलेल्या जुन्या गड्ड्यालाही पुन्हा फुलण्याचे बळ येण्यास दोन-तीन उन्हाळे लागतात.